"व्यायाम नीट केले असते तर..." या प्रतिक्रियेला उत्तर

अकिलीस टेंडनच्या (पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर) दुखण्यावरच्या छोट्या ऑपरेशनबद्दल मी पोस्ट लिहिली होती, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. म्हणणं थोडक्यात असं की मी डॉक्टर नसताना लोकांना ऑपरेशनकडे ढकलतोय, या मिनिमली इन्व्हेजिव्ह, म्हणजे लहान छेदाच्या, प्रकारावर तुलनात्मक अभ्यास कमी आहेत, सूरल नर्व्हला (पायाच्या बाहेरच्या कडेला संवेदना देणारा मज्जातंतू) इजा होण्याच्या धोक्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, आणि "व्यायाम नीट केले असते तर कापायची वेळच आली नसती, आळशी लोकांना शॉर्टकट हवा असतो."

सूरल नर्व्हचं मान्य. ती टेंडनच्या बाहेरच्या अंगाने जाते आणि छोट्या छेदातून काम करताना जपावी लागते, पोस्टमध्ये तेवढी ओळ टाकतो.

पण आळशी? अहो, कोणाला म्हणताय? स्वीडिश सर्जन अल्फ्रेडसनचा १९९८ चा व्यायामाचा प्रोटोकॉल मला तोंडपाठ आहे, पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, १५ चे ३ सेट गुडघा सरळ ठेवून, ३ गुडघा वाकवून, दिवसातून दोनदा, म्हणजे रोज १८०, आणि असे १२ आठवडे. ते सगळं केलं, मग पाठीवर वजनाची सॅक अडकवून केलं, फिजिओ समोर बसून चुका काढायचे, आणि तरी सकाळी पलंगावरून उतरलो की पहिली पावलं भिंत धरून. तुम्ही होतात का तिथे?

आणि गंमत बघा, ज्यांचे व्यायाम तुम्ही माझ्या तोंडावर फेकताय त्याच अल्फ्रेडसननी पुढे ती स्क्रेपिंगची छोटी सर्जरी आणली, व्यायामाने ज्यांचं दुखणं जात नाही त्यांच्यासाठी! जाड झालेल्या टेंडनच्या पुढच्या बाजूने बारीक नव्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्यासोबत नर्व्ह शिरतात, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीत त्या रक्तवाहिन्या दिसतात, मग लोकल भूल देऊन लहानशा छेदातून टेंडनची ती बाजू खालच्या चरबीपासून मोकळी करायची. म्हणजे त्यांनाही आळशांचाच पुळका होता म्हणायचं.

तुमच्या मेव्हण्यांचं व्यायामाने बरं झालं, छानच झालं. पण त्यांचं दुखणं टाचेच्या हाडाला टेंडन चिकटतं तिथलं होतं की २ ते ६ सेंटीमीटर वरचं, हे विचारलंत का? दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत.

बाकी अभ्यास वगैरेचं सर्जनना विचारा, मी डॉक्टर नाही हे तुम्हीच म्हणालात ना. "आधी निदान ३ ते ६ महिने व्यायाम" हे पोस्टच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे, तिथपर्यंत वाचलं असतंत तर दिसलं असतं. मुद्द्यावर लिहाल तर स्वागत आहे, "आळशी"वाली पुढची कमेंट मात्र उडवणार.