‘आडवं पाडून कसलं मोजता?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

व्हीलचेअर ठरवण्याआधी माणसाची बैठक कशी तपासावी, यावरच्या माझ्या लेखाखाली ‘रोखठोक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी: ‘ताईसाहेब, ज्याला बसायचंय त्याला आडवं पाडून कसलं मोजता? असले पुस्तकी चोचले मुंबई-पुण्याच्या सेंटरात ठीक. शिबिरात येईल ती खुर्ची द्यावी लागते. खर्चाचं काय? दिलेली खुर्ची नंतर कोण बघतं? आकृतीही कळत नाही.’

आकृतीतली अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात, हे मान्य. मोठी करून टाकते.

आता ‘ताईसाहेब’. लेखाखाली माझं नाव आहे, पदवी आहे. तुमच्या प्रतिक्रियेखाली टोपणनाव आहे. तरी खवचटपणा मीच सोसायचा, ही कुठली रीत? हाच लेख एखाद्या ऑर्थोपेडिक सर्जनने लिहिला असता तर तुम्ही ‘सर, एक शंका आहे’ म्हणूनच सुरुवात केली असती. असो.

तर, आडवं का करायचं? बसलेल्या माणसात दोन गोष्टी एकत्र दिसतात: सांध्याची खरी मर्यादा, आणि तोल सांभाळायला शरीराने केलेली तडजोड. नुसतं बघून त्या वेगळ्या करता येत नाहीत. उताणं झोपवलं की वजनाचा भार जातो. मग एक हात पेल्व्हिसवर, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्यावर, ठेवून मांडी हळूहळू पोटाकडे आणायची. पेल्व्हिस मागे कलायला लागला की थांबायचं. खुब्याची खरी वाकण्याची हद्द ती. एखाद्याचा खुबा ८० अंशांवरच अडत असेल आणि तुम्ही त्याला पाठ-सीटच्या ९० अंशांच्या कोनात बसवलंत, तर उरलेले १० अंश पेल्व्हिस मागे कलून भरून काढतो. पाठीला पोक येतं, माणूस पुढे सरकतो, भार माकडहाडाच्या वर सेक्रमवर येतो आणि तिथे जखम होते.

मग हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू. खुबा वाकवलेलाच ठेवून गुडघा सरळ करत जायचं. साध्या खुर्चीचे फूटरेस्ट पुढे असतात, म्हणजे पाय टेकवायला गुडघा काटकोनापेक्षा बराच उघडावा लागतो. मांडीमागचा स्नायू आखडलेला असेल तर तो पेल्व्हिसलाच ओढून पुढे आणतो. सेरेब्रल पाल्सीचा एक मुलगा माझ्याकडे आला होता, जुन्या कागदावर शेरा होता: ‘सरकतो, बेल्ट द्यावा.’ घरचे त्याला ओढणीने बांधत होते आणि वर हट्टी म्हणत होते. त्याचे फूटरेस्ट मागे घेतले, सरकणं थांबलं. बसलेल्या अवस्थेत बघून हे तुम्हाला कसं कळलं असतं, ते सांगा. खरंच सांगा.

तिसरी गोष्ट एका बाजूला कललेल्या पेल्व्हिसची. हाताने समपातळीवर येत असेल तर खालच्या बाजूला उंची द्यायची. येतच नसेल, पक्का झाला असेल, तर उलट वरच्या बाजूखालची पोकळी भरायची. इथे गल्लत झाली तर मुळातच दबलेल्या बाजूवर आणखी दाब येतो. आणि हो, आडवं तपासून झाल्यावर मॅटच्या कडेला बसवून, पेल्व्हिस हातांनी धरून किती आधार लागतो ते बघायचं, हेही त्याच लेखात आहे. बहुधा तुम्ही तिथवर पोचला नसाल.

‘मुंबई-पुण्याचे चोचले’ म्हणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली जादा आधार लागणाऱ्यांसाठी व्हीलचेअर सेवेचं मध्यम पातळीचं प्रशिक्षण आणलं, ते जिथे साधनं तुटपुंजी आहेत तिथल्यासाठीच. त्यातही पेल्व्हिस आणि खुबे झोपवूनच तपासायला सांगितलं आहे. त्याला कडक पृष्ठभाग लागतो. सतरंजी घातलेली जमीन चालते. शिबिरात जमीन असते ना?

आणि मला गाव शिकवू नका. जालना जिल्ह्यातल्या आमच्या घरी चुलते अर्धांगाने पडले तेव्हा शिबिरातून अशीच ‘येईल ती’ खुर्ची आली होती. अठरा इंची सीट आणि त्यात काडीसारखा माणूस. झोळी झालेल्या त्या सीटमध्ये ते दिवसभर एका अंगावर कलून बसत. कुल्ल्याखालची जखम काकू रोज धूत असे आणि आम्हाला वाटायचं, आजारपणात हे व्हायचंच. या व्यवसायात मी आले त्याला ती खुर्ची बऱ्यापैकी कारण आहे. त्यामुळे ‘चोचले’ हा शब्द मला लागतो, आणि तो लागावा म्हणूनच तुम्ही वापरलात.

खर्च, शिबिरातला साठा, नंतरची देखभाल, यांवर इथे लिहीत बसत नाही. लेख तपासणीवर होता, खरेदीवर नव्हता. एकच मापाची खुर्ची मिळाली तरी उशी कुठे भरायची आणि फूटरेस्ट कुठे आणायचे, हे तपासल्याशिवाय ठरत नाही, एवढं पुरे.

यापुढे टोपणनावाने आलेली प्रतिक्रियाही छापीन. ‘ताईसाहेब’ असलेली मात्र छापणार नाही.