स्पायडरमॅन आपला मुखवटा स्वतः शिवतो

गेल्या पंधरा दिवसांत एक मजकूर आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला. तुमच्याकडेही आला असेल. पूर्वीचे सुपरहिरो म्हणे खरे पुरुष होते, कधी घाबरले नाहीत, कधी रडले नाहीत. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यांना ‘आपल्यासारखं’ करण्याच्या नादात लेखकांनी रडकं करून टाकलं. असे हिरो बघून मुलगे मऊ पडतात. आणि हे सगळं बाहेरचं खूळ आहे, आपल्या परंपरेत बसत नाही. शेवटी ठसठशीत अक्षरांत गीता : ‘क्लैब्यं मा स्म गमः पार्थ’, म्हणजे अर्जुना, असा नामर्दपणा करू नकोस.

मी गप्प बसले असते. पण रविवारी पोहे-जलेबी खाताना काकांनी तो मजकूर माझ्या भाच्याला मोठ्यांदा वाचून दाखवला. भाचा नऊ वर्षांचा, दप्तरापासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळीकडे स्पायडरमॅन. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पोराने ऐकून घेतलं, काही बोलला नाही.

बुधवारी रात्री जेवताना तो डाव्या हातात चमचा धरून वरण-भात खाताना दिसला. इंदूरच्या मे महिन्यात अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. उजवी बाही वर केली तर मनगट सुजून हिरवंनिळं झालेलं. सोमवारी चिमणबागेत कॅच घेताना पडला होता. दोन दिवस आणि दोन रात्री त्याने कुणाला कळू दिलं नाही. एक्स-रेत हाडाला बारीक चीर निघाली. प्लास्टर घालून होईपर्यंत ओठ आवळून बसला आणि मग मला विचारलं, “आत्या, मी रडलो नाही ना?”

म्हणून आता त्या मजकुराचा एकेक दावा बघते.

पूर्वीचे हिरो कसे होते? सुपरमॅन आला १९३८ साली. क्लीव्हलंडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन लाजऱ्या, चष्मेवाल्या तरुणांनी तो घडवला, आणि पहिल्याच अंकात त्याला क्लार्क केंट हे बुजरं रूप दिलं, ज्याला सोबत काम करणारी लोइस भित्रा म्हणून सोडून जाते. त्याच अंकात सुपरमॅन कुणाची गचांडी धरतो? बायकोला मारणाऱ्या नवऱ्याची. बॅटमॅनची जन्मकथा १९३९ची : डोळ्यांदेखत आईबाप मारले गेलेलं पोर रात्री पलंगाशी गुडघे टेकून शपथ घेतं. एवढं कबूल करते की त्या काळचा सुपरमॅन स्वतः घाबरलेला क्वचितच दिसतो. गोळ्या त्याला लागतच नव्हत्या, तर घाबरणार कशाला?

स्पायडरमॅनचं तर बोलायलाच नको. तो १९६२चा, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा. पहिल्याच गोष्टीत ज्या चोराला तो ‘मला काय त्याचं’ म्हणून जाऊ देतो, तोच चोर त्याच्या काकांचा जीव घेतो, आणि चूक माझीच होती असं म्हणत पीटर, म्हणजे मुखवट्यामागचा पोरगा, कोसळतो. १९६३ साली त्याच्या स्वतःच्या मासिकाचा पहिला अंक आला. त्यात घरात भाड्याला पैसे नाहीत. कमाईचा चेक स्पायडरमॅनच्या नावाने निघालेला, आणि बँकेतला कारकून ओळखपत्राशिवाय तो वटवत नाही. त्याला वाढवणारी मे काकू दागिने गहाण टाकताना त्याला दिसते. त्याच वर्षीच्या चौथ्या अंकात लढताना मुखवटा फाटतो, तर हा पोरगा खोलीत बसून सुईदोऱ्याने तो स्वतः शिवतो. साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. कुणी ‘हल्ली’ त्याला बिघडवलेलं नाही. त्याच्या या अडचणी ओळखीच्या वाटल्या, म्हणून तर तो घराघरांत पोचला.

‘बाहेरचं खूळ’ यावर फार शब्द घालवत नाही. आम्ही राजवाड्यामागच्या दुकानातून भाड्याने आणून वाचलेला सुपर कमांडो ध्रुव १९८७ सालचा, राज कॉमिक्सचा. सर्कशीत वाढलेला, आगीत आईबाप गमावलेला, अंगात एकही दैवी शक्ती नसलेला. आणि चाचा चौधरी तर पागोटं घातलेला म्हातारा, डोक्याने जिंकणारा.

मुलं हिरोंची नक्कल करतात, हे मात्र खरं. पण नक्कल कशाची करतात? सारा कॉइन या अमेरिकन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाची २४० मुलं वर्षभराच्या अंतराने तपासली. २०१७ साली ते छापून आलं. सुपरहिरोंत जास्त रमणारी मुलं वर्षानंतर जास्त मारकुटी आढळली. दुसऱ्याला वाचवायला धावण्यात मात्र ती पुढे नव्हती. म्हणजे लहान मुलं उचलतात ती ठोसाठोशी. मजकूर लिहिणाऱ्याला तीच तर हिरोत उरायला हवी आहे! काळजीच करायची तर त्या ठोशांची करा.

आता गीता. माझा सगळ्यात जास्त संताप इथे होतो, कारण श्लोक अर्धवट वापरलाय. तो दुसऱ्या अध्यायातला तिसरा. दोनच श्लोक मागे जा. तिथे संजय अर्जुनाचं वर्णन करतो : ‘अश्रुपूर्णाकुलेक्षणम्’. डोळे पाण्याने भरलेले. पहिल्या अध्यायात तो स्वतः सांगतो की गात्रं गळाली, तोंड कोरडं पडलं. हा त्या काळचा सर्वांत मोठा धनुर्धर. श्रीकृष्ण त्याला फटकारतो, हे मान्य. पण त्यानंतरही अर्जुन ‘मी लढणार नाही’ म्हणून गप्प बसतो, तेव्हा श्रीकृष्ण रथ सोडून निघून जात नाही. पुढचे सोळा अध्याय तो त्याच्याशी बोलतो, त्याचे प्रश्न ऐकतो. रडणाऱ्या माणसापाशी बसून राहणं गीतेत आहे. मजकुरातून नेमकं तेच गाळलं.

आणि इंदुरात राहून आपल्याला हे बाहेरून शिकायला हवं? १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा एकुलता एक मुलगा, खंडेराव, मारला गेला. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा त्या सुभेदाराने सुनेपुढे रडून विनवणी केली, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलो. तलवार गाजवलेला माणूस. त्याला मऊ म्हणायची हिंमत आहे कुणाची?

काल काकांना फोन करून हे सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अण्णा गेले त्या रात्री मी मोरीत नळ सोडून रडलो होतो. तुझ्या काकूलाही माहीत नाही.” मी म्हटलं, काका, हेच ग्रुपवर लिहा, त्या मजकुराच्या खाली. पोरगा वाचेल. अजून त्यांनी लिहिलेलं नाही, मी वाट बघते आहे.