‘पान्याला पाईप लावणं अडाणीपणा’ या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, सायलेन्सरचा जाम नट तेल मारून, ज्योतीने तापवून आणि पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवून सावकाश कसा सोडवायचा, या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. बायकोलाही वाचून दाखवली. ती म्हणाली सोडून दे, पण असंच अजून कुणाला वाटत असेल तर त्यांच्यासाठी उत्तर इथे असलेलं बरं म्हणून लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: डब्ल्यूडी-४० हा स्प्रे म्हणजे गंज सोडवायचं तेल नाही, गाडीखाली ज्योत लावणं धोक्याचं आहे, असली कामं गुपचूप गॅरेजला द्यावीत. आणि चौथं वाक्य जसंच्या तसं देतो, ‘पान्याला पाईप घालून जोर मारायला सांगणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, बोल्ट तुटणारच, हातात कधी पाना न धरलेला माणूसच असं लिहू शकतो.’

डब्ल्यूडी-४० बद्दल तुमचं बरोबर आहे, ते मान्य करतो. ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं, १९५३ साली सॅन डिएगोत, नावातच वॉटर डिस्प्लेसमेंट आणि चाळिसावा फॉर्म्युला. खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळत असेल तर तेच घ्या, आट्यात जास्त आत शिरतं. पण आमच्याकडे कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जे मिळतं ते हेच, आणि रात्रभर दोन-तीनदा मारून ठेवलं तर तेही काम करतं. हा विषय संपला.

आता चौथं वाक्य. हे तुम्ही साधं विचारलं असतं, की बाबा रे पाईप लावल्यावर बोल्ट तुटत नाही का, तर मी तीन ओळीत उत्तर दिलं असतं. पण तुम्हाला विचारायचं नव्हतं, झापायचं होतं. माझे वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पिटमध्ये उतरून, वरून चिखलाचं पाणी गळतंय अशा अवस्थेत बसच्या चाकाचे आणि स्प्रिंगच्या पाट्यांचे नट त्यांनी आयुष्यभर सोडवले, आणि टॉमीला (नट फिरवायच्या दांड्याला) पाईप घालूनच सोडवले, कारण तिथे हवेच्या दाबावर नट सोडवणारी एअर गन नंतर आली, गाडी मात्र पहाटेच्या फेरीला सुटायलाच हवी होती. मी शाळेच्या सुट्टीत त्यांच्या बाजूला बसून पाने पुसून हातात द्यायचो, नुसती गोटी (नटावर बसवायचा सॉकेट) बघून बारा आहे का चौदा ते सांगता यायचं. तेव्हा हातात पाना धरलाय की नाही हे तुम्ही मला सांगू नका. आणि अडाणी हा शब्द मला लावा एकवेळ, पण ती पद्धत ज्यांची आहे त्या लोकांनी आपल्या सगळ्यांना सुखरूप घरी पोचवलंय.

बरं, भावनेचं बाजूला ठेवू, हिशोब करू. सायलेन्सरच्या जोडाला बहुतेक जपानी घराण्याच्या गाड्यांमध्ये १० मिलिमीटरचा बोल्ट असतो, त्याला १४ चा पाना लागतो. ८.८ ग्रेडचा (ही मजबुतीची प्रत) असा बोल्ट साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटरला कसतात. आता २० सेंटीमीटरच्या पान्याने तेवढा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, द्यायचा तर २५ किलोचा जोर लागतो, गाडीखाली पाठीवर झोपून २५ किलो म्हणजे माणूस श्वास रोखून हिसका मारणार, पाना सुटणार, बोटांची सालं निघणार. तेच अर्ध्या मीटरचा पाईप असेल तर १० किलो पुरतात. १० किलो हळूहळू वाढवता येतात आणि मुख्य म्हणजे हाताला कळतं काय चाललंय ते. बोल्ट तुटतो तो हिसक्याने आणि घाईने, नुसत्या पाईपने नाही. पाईपच्या टोकाला लटकायला मी कुठे सांगितलं होतं? लेखात ‘सावकाश’ हा शब्द आहे, परत एकदा बघा.

आणि हाताला काय कळतं ते लिहितोच आता, कारण मूळ लेखात ते राहून गेल्यासारखं वाटलं म्हणून दोघा-तिघांनी विचारलं पण आहे. आधी वायर ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ करायचे, नाहीतर नट सुटला तरी पुढच्या गंजात परत अडकतो. मग तेल. तेल शिरायला लागलं की आट्यांच्या तोंडाशी लालसर चिखल जमतो, तो पुसून परत तेल. मग नटाच्या सपाट बाजूंवर हातोडीने टकटक, जोरात नाही, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो आणि आट्यात पाचर मारल्यासारखा बसतो, त्याला तडा जायला हवा एवढंच. त्यानंतर पहिल्यांदा नट *कसायच्या* दिशेने किंचित दाबायचा आणि मग उलटा. सुटणार असेल तर ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि मग नट कुईं कुईं करत फिरतो. पाव फेरी सोडा, परत थोडा कसा, तेल, परत सोडा. पण टक् न होता नुसताच मऊ फिरल्यासारखा वाटला, स्प्रिंगसारखा, तर तिथेच थांबायचं, कारण तेव्हा नट फिरत नसतो, बोल्ट पिळला जात असतो. हा फरक व्हिडिओ बघून कळत नाही.

अजून एक, जे तुमच्या ‘तुटणारच’ मध्ये कुठेच नाही. माझा लेख मधल्या पाईपच्या आणि मागच्या डब्याच्या जोडाबद्दल होता. तिथे आरपार बोल्ट आहे. तो समजा तुटलाच, तर काय बिघडलं? नवा बोल्ट, नवा नट आणि नवं गॅस्केट (जोडातली चकती), तसंही गॅस्केट बदलायचंच असतं. मॅनिफोल्डच्या (इंजिनला लागून असलेल्या धुराच्या पाईपच्या) स्टडला, म्हणजे इंजिनमध्येच आटे रोवलेल्या बोल्टला, मी पाईप लावायला कधीच सांगितलेलं नाही, तो तुटला की मुळाशी ड्रिल करून काढायचा म्हणजे इंजिन हेडच्या जिवाशी खेळ. तिथे तेल, उष्णता आणि धीर, आणि जमत नसेल तर सोडून द्यायचं.

ज्योतीचं म्हणाल तर लेखात पेट्रोलच्या पाईपबद्दल लिहिलंय, तेल मारल्यामारल्या ज्योत नको हेही लिहिलंय. त्यावर वाद घालत बसत नाही.

गॅरेजला द्या म्हणता. दिली होती. इथल्याच एका गॅरेजमध्ये हाच जोड सोडवायला दिली, पोराने आधी ॲडजस्टेबल पाना लावला, तो घसरला, मग बारा कोनी गोटी ठोकून बसवली, आणि नटाचे सहाच्या सहा कोपरे गोल करून संध्याकाळी गाडी परत, ‘साहेब कटर लागेल’. सहा कोनी गोटी पहिल्यापासून लावली असती तर कोपऱ्यांवर नाही, सपाट बाजूंवर जोर आला असता. सगळी गॅरेज अशी नसतात, माझे वडील पण शेवटी मेकॅनिकच होते. पण आमच्या रत्नागिरीत समुद्राचा खारा वारा आणि चार महिने पाऊस, गाडीचा खालचा एकही नट न गंजलेला नसतो, प्रत्येक वेळी कुठे जाणार? म्हणूनच परत बसवताना आट्यांना कॉपरचं अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा असं शेवटी लिहिलं होतं. तेवढं केलं तर पुढच्या वेळी पाईपची गरजच पडत नाही. पण त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत.

तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटतं की तुमच्याकडून एखादा बोल्ट तुटलेला आहे आणि तो राग इथे निघालाय. तसं असेल तर सरळ सांगा की. आरपार बोल्ट होता की स्टड, गोटी बारा कोनी होती की सहा कोनी, आणि तुटायच्या आधी मऊ लागला होता का. एवढं लिहा, मी नीट उत्तर देईन, आणि काढायचा राहिला असेल तर कसा काढायचा तेही सांगेन.