दुपारी घराबाहेर पडू नका म्हणे!

आला परत तो उन्हाळ्यातला मेसेज. १२ ते ३ घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, उन्हात काम टाळा. अरे पण कोणाला सांगताय हे? नाक्यावर बिगारी कामाची वाट बघत उभा असतो त्याला? की डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या मासेवालीला? आणि घरात बसायचं तरी कुठे, मुंबईत गोवंडी-मानखुर्दला पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणं म्हणजे तव्यावर बसणं, त्यापेक्षा गल्लीत निदान वारा तरी लागतो.

वर तो आकडा. ३४ डिग्री! नागपूरवाले नातेवाईक हसतात, आमच्याकडे ४५ असतं म्हणे. असेल ना, पण तिकडे घाम सुकतो तरी, इथे दमट हवेत नुसता निथळतो, आणि घाम सुकलाच नाही तर अंग थंड होणार कसं? हवामान खात्याला पण माहितीये हे, म्हणून तर किनाऱ्यावर ३७ आणि नॉर्मलपेक्षा साडेचार जास्त झालं की उष्णतेची लाट धरतात, मैदानी भागात ४० लागतात. पण ३४-३५ ला लाट नाही म्हणजे बोंब नाही, म्हणजे कोणी हलणार नाही. २०२३ ला खारघरला पारा काय ४५ वर नव्हता, महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात लोकांना भर उन्हात उघड्यावर बसवलं, १४ जण गेले. सावली स्टेजवर होती, अर्थातच.

आमच्या बसस्टॉपचं तर बोलूच नका. रस्ता रुंद करायला झाड तोडलं आणि चकाचक शेड आणून ठेवली. स्टीलची सीट, मागे जाहिरात, वर वीतभर छप्पर. ज्याने डिझाईन केलं त्याने मे महिन्यात फक्त पाच मिनिटं त्या सीटवर बसून दाखवावं. माझी आई आणि बाकीची म्हातारी माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत उभी राहतात, एकामागे एक, सावली सरकली की लाईन पण सरकते.

अहमदाबादने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं मेल्यावर २०१३ लाच हीट ॲक्शन प्लॅन, म्हणजे उष्णतेपासून लोकांना वाचवायचा आराखडा, केला, नंतर झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंग मारला. पांढरा रंग! रॉकेट नाही बनवायचंय कोणाला. अहो याच मुंबईत जुन्या शेठ लोकांनी दगडी प्याऊ बांधल्या होत्या, माणसांना पाणी आणि खाली गुराढोरांना पण. आता स्टेशनबाहेर २० रुपये मोजा, बाटली घ्या, ती पण कोमट.