दिव्यांग दाखला काढायचाय? आधी व्यायामाला लागा

गेल्या बुधवारी माझ्या थोरल्या भावाला चौथ्यांदा सिव्हिल हॉस्पिटलला नेऊन आणलं. चार खेपांत एवढं ज्ञान साठलंय की ते एकट्यानं दाबून ठेवणं बरं नाही. तुमच्या घरात कुणाला दिव्यांग दाखला, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा संजय गांधी निराधारचं अनुदान हवं असेल, तर वही-पेन घेऊन बसा.

सर्वांत आधी व्यायाम. रोज निदान दोन जिने चढायचा सराव ठेवा. ज्याला जिना चढता येत नाही त्याला दाखला मिळणं अवघड जातं.

नाव सगळ्या कागदांवर सारखंच असेल अशा घरात जन्म घ्या.

झेरॉक्स काढा. काढल्यात? आणखी काढा.

उत्पन्न सांभाळून ठेवा. अनुदानासाठी दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000च्या आत हवं, म्हणजे महिन्याला 4,166 रुपये. आमचा दादा मशीनला मोटर लावून शिवणकाम करतो. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायला येतात, तेव्हा तो महिनाभर श्रीमंत असतो. तेवढ्या महिन्यात उपाशी राहायची सवय केली की हिशेब बसतो. शिवाय अनुदान आता 1500चं 2500 झालंय. चार खेपांची रिक्षा आणि माझ्या चार रजा वजा जाता उरेल ते तुमचंच.

जुना दाखला असेल तर तो देवघरात ठेवा. दादाचा 1998चा आहे, तीन डॉक्टरांच्या सह्यांचा, लॅमिनेट केलेला. त्यावर 'कायमस्वरूपी' असं छापलंय. खिडकीतले साहेब म्हणाले, ऑनलाइन दिसत नाही, पुन्हा तपासणी करा. बरोबरच आहे. मधल्या काळात पोलिओ बरा होऊन पाय लांब झाला असला तर सरकारचं नुकसान नको.

आता मुख्य धडा, तपासणीचा दिवस. तपासणी करणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरावीक वारीच बसतं, आमच्याकडे बुधवारी. टोकन नऊला म्हणून आम्ही साडेआठला पोचलो. बोर्डाची खोली दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी, आणि ती पाटी इतकी पिवळी पडलीय की तिलाच हयातीचा दाखला मागावा. दादा कठड्याला धरून, एक पायरी, थांबा, एक पायरी, असा चढला. मागे एक बाई, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पाठुंगळी घेऊन. तिनं मला विचारलं, "दादा, अजून किती आहे हो?" मी काय सांगणार! वर पोचल्यावर शिपाई म्हणाला, कॅलिपर काढून तयार राहा, साहेब आले की वेळ जायला नको. कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणारा सांगाडा, तो पट्ट्यांनी बांधलेला असतो, पँटच्या आत. ते काढायचं म्हणजे पँट उतरवायची. आडोसा नाही. सेहेचाळीस वर्षांच्या माणसानं भिंतीकडे तोंड करून, मी समोर चादर धरली तेव्हा, ते काढलं. तसाच लुंगी गुंडाळून बाकावर बसला. साडेबाराला कळलं, हाडाचे डॉक्टर आज रजेवर आहेत, पुढच्या बुधवारी या. फोन करून सांगता आलं नसतं का, असं विचारायचं नाही बरं का. अर्जात मोबाइल नंबर भरून घेतात तो ओटीपीसाठी.

कॅलिपर परत बांधलं. उतरताना दादाच्या पायात गोळे आले. तो दोन्ही मजले पायऱ्यांवर बसत बसत उतरला.

घाई करू नका. अर्ज आल्यापासून महिन्याभरात दाखला द्यावा असा 2017च्या नियमांत नियम होता. तो पाळला जात नव्हता. मग 2024मध्ये त्यावर तोडगा काढला, मुदत तीन महिने केली. तुम्ही मात्र दोन वर्षांत तपासणीला हजर झाला नाहीत तर अर्ज बाद.

रेल्वेची सवलत हवी असेल तर तिचं कार्ड निराळं. हो, यूडीआयडी देशभर सगळीकडे चालणारं एकच ओळखपत्र आहे. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

आणि कुणी म्हणालं की बनावट दाखल्यांमुळे एवढी तपासणी लागते, तर मान डोलवा. बनावटवाल्यांची जिना चढायला काही हरकत नसते.

बास झालं आता. मला विनोद सुचत नाहीये.

अहो, दिव्यांगांच्या हक्कांचा 2016चा कायदा आहे. त्यात 21 प्रकारचं अपंगत्व मोजून लिहिलंय. सरकारी इमारती दिव्यांगांना वापरता येतील अशा करा, नियम आल्यापासून पाच वर्षांत, असंही लिहिलंय. नियम 2017चे, मुदत 2022ला संपली. त्याच वर्षी 3 डिसेंबरला आपल्या राज्यानं दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला, पेढे वाटले. आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना चालता येत नाही हे तपासायला तुम्ही दुसऱ्या मजल्यावर बोलावता? लाज वाटत नाही? कुणाच्याच डोक्यात आलं नाही की बोर्ड खाली बसवावं? तळमजल्यावर, केसपेपरच्या खिडकीशेजारी खोली आहे. मी स्वतः पाहिली. तिच्यात मोडक्या खुर्च्या भरून ठेवल्यात. त्या वर न्या आणि डॉक्टरांचं टेबल खाली आणा. दोन शिपाई, अर्ध्या तासाचं काम. येत्या बुधवारी आम्ही येतोय, त्याच्या आत करा.