दुसऱ्या बाळाच्या ‘दुप्पट खर्चा’चा फसवा हिशेब

पुण्यातल्या पालकांमध्ये सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असताना दुसरे येऊ घातले असेल, तर घरखर्च सरळ दुप्पट धरावा, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. बाळाचे सगळे सामान नवेच घ्यावे, कारण वापरलेल्या वस्तूंमुळे जंतुसंसर्ग होतो. बाळंतपण आणि लसीकरण मोठ्या खासगी रुग्णालयातच करावे, कारण फुकट मिळते ते हलक्या दर्जाचे असते. मोठ्या मुलाला दोन वर्षांचे होताच प्लेग्रुपला घालावे. एका बेडरूमचे घर आणि दुचाकी यांवर भागत नाही. आणि हे सारे झेपणार नसेल तर दुसऱ्या मुलाचा विचारच करू नये, कारण काटकसरीत वाढवणे हा मुलांवर अन्याय आहे. धनकवडीतल्या एका बेडरूमच्या घरात, अडीच वर्षांच्या मुलीसह दुसऱ्या बाळाची वाट पाहणारी आई म्हणून मला हा मजकूर अनेकांनी काळजीपोटी पाठवला. दुसरे मूल हवे की नको, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे आणि त्यावर मला काही म्हणायचे नाही. मात्र ज्या हिशेबाच्या आधारे लोकांना घाबरवले जात आहे, तो हिशेबच चुकीच्या वहीत मांडला आहे.

सुरुवात ‘दुप्पट’ या आकड्यापासून करू. घरभाडे किंवा गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीचा देखभाल खर्च, इंटरनेट, कामाला येणाऱ्या ताईंचा पगार, या मध्यमवर्गीय घरातल्या मोठ्या रकमा तान्ह्या बाळामुळे दुप्पट होत नाहीत. पाळणा, टब, दुपटी, कुंच्या, स्वेटर, मच्छरदाणी ही पहिल्या वर्षाची खरेदी पहिल्या मुलाच्या वेळीच होऊन गेलेली असते आणि तीन-चार महिन्यांत आखूड झालेली झबली बहुधा धड असतात. खरोखर वाढणारे खर्च मोजकेच आहेत. त्यांतला पहिला डायपरचा. नग साधारण दहा रुपयांना धरला आणि तान्ह्या बाळाला दिवसाला सहा लागले, तर महिन्याला १,८०० रुपये होतात. मोठे मूल अजून डायपरमध्येच असेल आणि त्याला दिवसाला तीन लागत असतील, तर आणखी ९०० रुपये. म्हणून घरी दिवसा लंगोट आणि रात्री किंवा बाहेर जाताना डायपर, ही जुनी-नवी सरमिसळ मला सर्वांत व्यवहार्य वाटते. फक्त बाळ पावसाळ्यात येणार असेल, तर लंगोटांची संख्या वाढवून ठेवावी लागते, कारण जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात बाल्कनीतले कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. खर्च वाचवायचा म्हणून बाळंतपणाच्या तोंडावर मोठ्या मुलाचे डायपर घाईघाईने सोडवण्यात मात्र फारसा अर्थ नाही, कारण धाकटे भावंड आल्यावर आधी व्यवस्थित सांगणारी मुलेसुद्धा काही काळ पुन्हा कपडे ओले करू लागतात.

वापरलेल्या वस्तूंच्या दाव्याबद्दल तर आश्चर्यच वाटते. बारशापर्यंत बाळाला नवे कपडे न घालण्याची आणि एखाद्या निरोगी नात्यातल्या मुलाचे अंगडे मागून आणण्याची पद्धत आपल्याकडे किती तरी घरांत आहे. त्यामागे श्रद्धा असेल, पण अनेकदा धुतलेले सुती कापड नव्या, खळ असलेल्या कापडापेक्षा मऊ असते, हा अनुभवही आहेच. गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवलेल्या झबल्याने बाळाला संसर्ग होईल, ही भीती निराधार आहे. वापरलेले काय घेऊ नये याची यादी वेगळी आहे आणि ती या मजकुरात नाही. दुधाच्या बाटलीची निपल, आपटलेले हेल्मेट आणि अपघातग्रस्त गाडीतली लहान मुलांची सीट या वस्तू कुणी प्रेमाने दिल्या तरी घेऊ नयेत. पाळणा किंवा कॉट मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून आणण्यापेक्षा नात्यातून किंवा शेजारून आणावी, कारण तिचा इतिहास आपल्याला ठाऊक असतो आणि सैल झालेला कठडा कुणी लपवत नाही.

याच मुद्द्यात आणखी एक गंमत दडलेली आहे. बाळासाठी ‘आवश्यक’ म्हणून ज्या वस्तू सुचवल्या जातात, त्यांतल्या काही न घेणेच अधिक सुरक्षित आहे. तान्ह्या बाळाला सपाट, टणक गादीवर, उताणे आणि उशीशिवाय झोपवावे, असे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. म्हणजे राईची उशी, कडेचे मऊ तक्के आणि गुबगुबीत बिछान्याचा संच यांवरचा खर्च तसाच वाचतो. बसून चालवण्याच्या चाकांच्या वॉकरवर तर कॅनडाने २००४ मध्ये बंदीच घातली. मूल उभे राहून ढकलते तो आपला लाकडी पांगुळगाडा ही निराळी वस्तू आहे आणि तो कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर पडलेला असतो.

बाळंतपणाच्या खर्चाविषयी मजकुरात अर्धे सत्य आहे. खासगी रुग्णालयाचे बिल मोठे येऊ शकते आणि बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले तर ते कुठवर जाईल हे आधी सांगता येत नाही. पण त्याला पर्यायच नाही, हे म्हणणे खरे नाही. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, गरज पडल्यास सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि आईचा आहार यांसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. पुण्यात ससून रुग्णालय आहे, महापालिकेचे मंगळवार पेठेतले कमला नेहरू रुग्णालय आहे, भवानी पेठेतले सोनवणे प्रसूतिगृह आहे. तिथे गर्दी असते, खासगी खोली मिळत नाही, सोबत एकाच माणसाला थांबता येते, हे सगळे खरे आहे. त्या गैरसोयीची किंमत प्रत्येक घराने आपापली ठरवावी, पण गैरसोय आणि हलका दर्जा या दोन गोष्टी एकच नव्हेत. ज्यांना खासगी रुग्णालयातच जायचे आहे, त्यांनी नैसर्गिक प्रसूती आणि सिझेरियन या दोन्हींचा अंदाज सातव्या महिन्याच्या आत लेखी मागावा. पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले असेल तर हे विशेष महत्त्वाचे. आरोग्य विम्याबाबतही एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी. वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीचा खर्च मिळण्याआधी बहुधा काही वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, त्यामुळे दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी या बाळंतपणाला सहसा उपयोगी पडत नाही. नोकरीतल्या गटविम्यात ही अट अनेकदा नसते, पण रकमेला मर्यादा असते आणि बाळाचे नाव ठरावीक मुदतीत नोंदवावे लागते.

सरकारी मदतीबद्दल उलट दिशेने जाणारी एक अफवाही याच मजकुराला चिकटलेली असते, की दुसऱ्या बाळालाही सरकार पैसे देते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आहेत. दुसऱ्यासाठी ६,००० रुपये मिळतात, पण ते मुलगी झाली तरच, आणि दोन्हींना पात्रतेच्या अटी आहेत. ही रक्कम गृहीत धरून अंदाजपत्रक मांडू नये.

लसीकरणाचा दावा मात्र नुसता चुकीचा नाही, तर अपायकारक आहे. महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या लशींमध्ये क्षयरोग, पोलिओ, ‘ब’ प्रकारची कावीळ, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणारा जीवाणू), जुलाब घडवणारा रोटाव्हायरस, न्यूमोनियासारखे न्यूमोकोकल आजार, गोवर आणि रुबेला या सर्वांपासूनचे संरक्षण येते. यांतली न्यूमोकोकल लस खासगीत घ्यायची तर एकेका डोसला हजारांत पैसे मोजावे लागतात. २०२१ मध्ये ती देशभरातल्या सरकारी कार्यक्रमात आली, हे अनेक पालकांपर्यंत पोहोचलेलेच नाही. सरकारी कार्यक्रमातल्या अनेक लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट तर हडपसरलाच आहे, तेव्हा निदान पुणेकरांनी तरी त्यांना हलक्या दर्जाच्या म्हणू नये. खासगीत मिळणाऱ्या तथाकथित न दुखणाऱ्या लशीने, म्हणजे डांग्या खोकल्याचा घटक नव्या प्रकारचा असलेल्या लशीने, ताप कमी येतो, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, डांग्या खोकल्याच्या जुन्या पूर्णपेशीय (संपूर्ण मृत जंतूंपासून बनवलेल्या) लशीवर चालणाऱ्या देशांनी तीच चालू ठेवावी अशी शिफारस केली, कारण नव्या प्रकारच्या लशीचे संरक्षण लवकर ओसरते. एका रात्रीच्या तापासाठी जास्त पैसे द्यायचे की नाहीत, हा सोयीचा प्रश्न आहे, दर्जाचा नव्हे. कांजिण्या, ‘अ’ प्रकारची कावीळ, फ्लू अशा काही लशी मोफत यादीत नाहीत. त्या डॉक्टरांशी बोलून, ऐपतीप्रमाणे आणि क्रमाने घ्याव्यात. खासगीतले न परवडल्यामुळे लस लांबणीवर टाकणे, हा या दाव्याचा खरा दुष्परिणाम आहे.

खाण्यापिण्याबाबत थोडक्यात. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, हा सल्ला आरोग्याच्या कारणाने दिला जातो, त्याने पैसे वाचतात ही पुढची गोष्ट झाली. दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या दूधभुकटीच्या जाहिराती करायला १९९२ च्या कायद्यानेच मनाई आहे. तरीही काही बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने भुकटीचे दूध लागते आणि तेव्हा ती चैन ठरत नाही. त्यात करू नये अशी एकच काटकसर आहे, ती म्हणजे डबा पुरवण्यासाठी पाण्यात भुकटी कमी घालणे. त्याने बाळाचे पोषण घटते आणि पोट भरल्यासारखे दिसत असल्याने ते लवकर लक्षातही येत नाही. मोठ्या मुलाला डब्यातल्या शक्तिवर्धक पेयांची गरज नाही; मऊ भात-वरण-तूप, नाचणीची खीर, अंडे, शेंगदाण्याचे कूट यांत ते सारे आहे. शेंगदाणा कूट करूनच द्यावा, कारण अख्खा दाणा या वयात घशात अडकतो.

प्लेग्रुपचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. दोन वर्षांच्या मुलाला कोणत्याही शाळेची सक्ती नाही, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी मोफत आहे, आणि सारसबाग, पेशवे उद्यान किंवा तळजाई टेकडी इथे जे खेळणे होते त्याला प्रवेश अर्ज लागत नाही. आईला कामावर जायचे म्हणून मूल पाळणाघरात ठेवणे हा वेगळा विषय आहे आणि तो खर्च दोन मुलांसाठी खरोखर दुप्पट होतो. पुढची शाळेची फीसुद्धा. मजकूर लिहिणाऱ्याने एवढेच म्हटले असते तर वाद नव्हता.

मोठ्या घराची घाईही समजत नाही. बाळाने पहिले किमान सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र जागेवर झोपावे, असाच वैद्यकीय सल्ला आहे, त्यामुळे त्याच्या खोलीचा प्रश्न काही वर्षे तरी उद्भवत नाही. दुचाकीच्या बाबतीत मात्र मी मजकुराच्या अर्ध्या बाजूने आहे. फेब्रुवारी २०२३ पासून लागू असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा लावणे बंधनकारक आहे, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. एक मूल पुढे उभे, दुसरे आईच्या मांडीवर, हे सिंहगड रस्त्यावर रोज दिसणारे दृश्य काटकसरीत मोडत नाही. पण त्यावरचा उपाय चारचाकीचा हप्ता हाच नसतो. तान्ह्या बाळाला घेऊन महिन्यातून जितके वेळा बाहेर पडावे लागते, त्याचे रिक्षाभाडे एका हप्त्याच्या आसपासही जात नाही.

राहिला अन्यायाचा आरोप. मुलांच्या वाट्याला वापरलेली झबली आली म्हणून त्यांच्यावर अन्याय होत नाही. आईच्या आरोग्यात आणि उत्पन्नात कपात झाली तर मात्र संपूर्ण घर त्याची किंमत मोजते, आणि या दोन्हींविषयी मजकुरात अवाक्षर नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दोन बाळंतपणे लागोपाठ उरकली की स्वस्तात पडते, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की एका प्रसूतीनंतर पुढची गर्भधारणा होण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस शरीर भरून येण्यासाठीच आहे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते, आणि डिंकाचे व अळिवाचे लाडू घरी करण्याइतकी माणसे बहुतेक घरांत अजून आहेत. मोठ्या मुलाच्या ताटातले उरलेले खाऊन आईने आपले जेवण उरकणे, ही आपल्याकडची सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी बचत आहे.

उत्पन्नाचा हिशेब तर बहुतेक घरांत उलटाच केला जातो. दोन मुलांच्या पाळणाघराची फी फक्त आईच्या पगारातून वजा करायची आणि उरते ते नगण्य ठरवून तिने नोकरी सोडावी असे सुचवायचे, ही पद्धत मला मान्य नाही; मुले दोघांची असतील तर ती वजाबाकीही दोघांच्या एकत्रित पगारातून व्हायला हवी. कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिलेली आहे. ती मिळण्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे. ही सोय अनेक ठिकाणी कागदावरच असते, म्हणून ती लेखी अर्ज करून मागावी लागते. नोकरी सुटली की भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा थांबतो. कायम नोकरीत पाच वर्षे सलग पूर्ण होण्याआधी राजीनामा दिला, तर ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कमही जाते, आणि प्रसूती रजेचा काळ त्या सलग सेवेत धरला जातो, हे अनेक जणींना राजीनामा दिल्यानंतरच कळते. तेव्हा असा निर्णय घेण्याआधी आपल्या नेमणूकपत्रावरची तारीख एकदा काढून पाहावी.