रेयॉन प्लास्टिक नाही हो, तो मेसेज पुढं पाठवू नका

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरून राहिला. "रेयॉन म्हणजे पेट्रोलपासून बनवलेलं प्लास्टिक, उन्हाळ्यात अंगाला चिकटते, मातीत कधीच कुजत नाही, त्यापेक्षा शुद्ध बांबूचा कपडा घ्या."

पहिले पेट्रोलचं पाहू. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून बनते. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, मग कार्बन डायसल्फाइड लावून त्याचा मधासारखा घट्ट द्रव करतात आणि तो बारीक छिद्रातून ॲसिडच्या टाकीत सोडला की धागा बनते. याचं पेटंट इंग्लंडात 1892 चं आहे, आणि आपल्या शेजारी मध्य प्रदेशात नागद्याला 1954 पासून हा धागा बनून राहिला. शेवटी तो सेल्युलोजच, आपल्या विदर्भाच्या कापसात आहे तेच. पेट्रोलियमवालं ते पॉलिस्टर, जे आपल्या बुटीबोरीत बनते. खात्री करायची असेल तर एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा, रेयॉन कागदासारखं जळते आणि राख बोटानं चुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होते.

चिकटते म्हणता? रेयॉन हवेतला ओलावा वजनाच्या 11 ते 13 टक्के धरते, कापूस 8 च्या आसपास, पॉलिस्टर अर्धा टक्का पण नाही. नागपूरच्या 45 डिग्रीत मी मे महिनाभर रेयॉनचेच कुर्ते घालते. अंगाला चिकटणारा कुर्ता बहुतेक पॉलिस्टर मिक्स असते, लेबल वाचा. हो, रेयॉनची खरी कमजोरी वेगळी आहे, ओलं झालं की त्याची ताकद जवळपास अर्धी होते म्हणून पिळून धुवायचं नाही.

कुजण्याचं तर उलटंच आहे, सेल्युलोज मातीतले जंतू खातात.

आणि बांबू! मला सगळ्यात जास्त राग याचाच येते, कारण लोक दुप्पट पैसे देऊन राहिले. बाजारातला मऊ मऊ बांबूचा कपडा बहुतेक रेयॉनच असते, फक्त लगदा बांबूचा. अमेरिकेत 2022 साली वॉलमार्ट आणि कोल्स या दुकानांना रेयॉन बांबू म्हणून विकल्याबद्दल मिळून 55 लाख डॉलर भरावे लागले. रेयॉनवर टीका करायचीच असेल तर कार्बन डायसल्फाइडवर करा ना, कारखान्यातल्या कामगारांच्या नसांवर त्याचा परिणाम होते, आणि बांबूच्या रेयॉनमध्ये पण तेच वापरतात. ते टाळायचं असेल तर लेबलवर लायोसेल शोधा, तो पण लाकडाच्या लगद्याचाच धागा, पण त्यात हे रसायन लागतच नाही, जे द्रावण लागते ते 99 टक्क्यांच्या वर परत काढून पुन्हा वापरतात.